"बिजागरीला होतं अ‍ॅडजस्ट!"

२०२३ पासून एक वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की ते नुसतं कानावर पडलं तरी माझ्या कपाळावर आठी येते. "अगं, बिजागरीला होतं अ‍ॅडजस्ट!" सांगणारे सगळे भले लोक आहेत. एक मित्र, एक शेजारी, दुकानातल्या काउंटरवरचा पोरगा आणि पुण्याचा मामा, ज्याने उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकलेला नाही. (मामा, वाचतोयस ना? हलकेच घे.) माणसं भली असली तरी वाक्य खोटं आहे, आणि आज मला त्या वाक्याशी भांडायचंय.

तर झालं असं. लेस्टरमधलं आमचं घर म्हणजे एका रांगेत खेटून बांधलेल्या विटांच्या जुन्या घरांपैकी एक. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, लांबट, अरुंद. जुनी कपाटं इतकी कुजली होती की दार ओढलं की हातात यायचं. नवी घ्यायची ठरली. कपाटांची किंमत परवडली, पण ती बसवून द्यायला फिटरने जो आकडा सांगितला तो कपाटांच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला. मी म्हटलं, आपण लावू. सुट्या फळ्या, पिशवीभर स्क्रू आणि एक पुस्तिका. त्यात काय एवढं?

मावशीचा फोन आलाच. "तिकडे सुतार मिळत नाहीत का गं?" मिळतात, मावशी, पण त्यांना पैसे द्यावे लागतात. "आणि जावईबापू काय करणार?" जावईबापू खोकी उचलणार. त्यांना ड्रिलच्या आवाजाची भीती वाटते.

हे हसण्यावारी गेलं. गोष्ट खरी पुढे बिघडली. आई मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येणार होती. तिचा गुडघा दुखतो, तासन्‌तास उभं राहवत नाही, त्यामुळे तिच्यासाठी शेगडीजवळ बसून काम करता येईल अशी जागा करायची होती. एप्रिल संपत आला होता. मी घाई केली.

आधी या फ्लॅटपॅक प्रकाराबद्दल एक सांगते, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. खोक्यातून येणाऱ्या फळ्या चुकीच्या नसतात. फार क्वचित असतात. कपाटाच्या बाजूच्या फळीवर भोकांची जी उभी रांग असते ती बघा: ५ मिलिमीटर व्यासाची भोकं, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर ३२ मिलिमीटर, आणि पहिली रांग पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत. युरोपातल्या कारखान्यांनी हे माप धरलं आणि म्हणूनच एका कंपनीची बिजागरी दुसऱ्या कंपनीच्या कपाटाला बसते. ही भोकं यंत्र पाडतं. म्हणजे कपाट घरात येतं तेव्हा ते बरोबरच असतं. ते वाकडं होतं ते आपल्या घरात, आपल्या जमिनीवर, आपल्या भिंतीला टेकून आणि आपल्या हातून.

आणि बिजागरी? तिला तीन स्क्रू असतात. एक दार डावीकडे-उजवीकडे सरकवतो, एक आत-बाहेर, आणि एक वर-खाली. प्रत्येकाची मजल फार तर काही मिलिमीटर. लाकूड हवेने जरासं फुगतं, दार लावताना हाताचा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, तेवढ्यासाठी ती सोय आहे. कपाळावरची टिकली नीट करायला असते ना, तेवढी. तिच्याकडून मोडलेल्या मानेची दुरुस्ती मागायची नसते.

पण मी मागितली. खालची पाच कपाटं ओळीत लावून झाली, वर्कटॉप चढला, दारं लावली आणि मागे होऊन बघते तर काय! सिंकच्या डावीकडच्या दोन दारांमधली फट वर दोन मिलिमीटर, खाली सहा. त्याच्या शेजारच्या दाराचा खालचा कोपरा पुढे आलेला, जणू कोणीतरी आतून पायाने ढकलतंय. मित्राला फोटो पाठवला. उत्तर तयार होतं: बिजागरीला होतं अ‍ॅडजस्ट. दोन रविवार मी जमिनीवर मांडी घालून स्क्रू फिरवत बसले. वरचा फिरवला की खालचं बिघडायचं, डावं जुळलं की उजवं घासायचं. शेवटी एकदाचं जमलं. म्हणजे दिसायला जमलं. फटी सारख्या दिसायला लागल्या. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. वा! शाब्बास! मावशीने अंगठ्यांची रांग लावली. मीही फुशारले.

आई आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने धिरडी घातली आणि तव्याकडे बघत म्हणाली, "अगं, तुझा ओटा कलला आहे." मी म्हटलं, काहीतरीच काय, लेव्हल लावून बसवलाय. (खोटं. लेव्हल फक्त पुढच्या कडेवर आडवी लावली होती.) ती काही बोलली नाही. तव्यात चमचाभर तेल सोडलं आणि मला बोलावलं. तेल सगळं मागच्या बाजूला जाऊन तळं करून बसलं होतं. धिरडंही मागे जाड, पुढे पातळ.

मग मला सगळंच दिसायला लागलं. चमच्यांचा ड्रॉवर पूर्ण उघडला तरी आपोआप मागे सरकायचा. तो "सॉफ्ट क्लोज" आहे असं मी समजत होते! नळामागे कायम पाणी साचलेलं असायचं. तिथल्या जोडातून ते आत मुरलं होतं आणि वर्कटॉपची कड फुगून वर आली होती. ही फळी म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, वर प्लास्टिकसारखा पापुद्रा. पापुद्र्याच्या आत पाणी शिरलं की ती पावासारखी फुगते आणि पुन्हा कधीच खाली बसत नाही. वाळवा, दाबा, इस्त्री करा. नाहीच. तीन आठवड्यांत माझ्या नव्या ओट्याला म्हातारपण आलं होतं. बाहेरून दारं मात्र एका ओळीत, फटी सारख्या. कारण मी बिजागरीला अ‍ॅडजस्ट केलं होतं ना.

म्हणजे त्या दोन रविवारांत मी काय केलं होतं? कपाट मला ओरडून सांगत होतं की मी वाकडं उभं आहे. सांगायला त्याच्याकडे एकच जीभ होती, ती म्हणजे दार. आणि मी ती जीभच आत दाबली. ताप आला म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवावा तसं.

मामाने यावर जो युक्तिवाद केला तो नोंदवायलाच हवा, कारण तो चुकीचा असला तरी बिनडोक नाही. तो म्हणाला, "ओट्याला उतार हवाच! आमच्या ओट्याला गवंड्याने मुद्दाम दिलाय." खरंय. आपल्याकडे ग्रॅनाइटचा ओटा बसवताना सिंककडे किंचित उतार देतात, पाणी पुसायचे कष्ट वाचतात. पण मामा, तो उतार गवंड्याने ठरवून दिलेला असतो, सिंकच्या दिशेने. माझा उतार कोणीच ठरवलेला नव्हता, आणि तो होता भिंतीच्या दिशेने, जिथे पाण्याला जायला जागाच नाही. शिवाय दगड पाण्याने फुगत नाही.

"पण बाहेरून कोणाला दिसतंय?" हा मावशीचा मुद्दा. आणि माझं खरं भांडण इथेच आहे. बिजागरीचं वाक्य हे या प्रश्नाचंच सुतारकामातलं भाषांतर आहे. चूक दिसेनाशी झाली की ती झालीच नाही! ओटा आई वापरते, तवा आई ठेवते, तेल तिच्याकडून लांब पळतं, पण फोटोत दिसत नाही म्हणून ते नाहीच. घरातल्या कामाचं मोजमाप घरात राबणाऱ्याच्या हाताने करायचं, की दारातून डोकावणाऱ्याच्या डोळ्यांनी? फोटो बघून अंगठे देणाऱ्यांपैकी एकालाही माझ्या ओट्यावर कणीक मळायची नव्हती.

सगळं उतरवायचं ठरवलं. नवरा म्हणाला, वेडी झालीस का. मी म्हटलं, हो.

गॅसच्या शेगडीला मी हात लावला नाही, हे आधीच सांगून टाकते. इथे गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसाकडून करून घ्यायचं असतं. आधी लावतानाही तोच आला होता, सोडवायला आणि परत जोडायलाही तोच आला आणि त्याचे पैसे दोनदा गेले. तिथे हौस चालत नाही, चालूही नये. बाकीचं मी एका शनिवारी सोडवलं. दारं काढणं सगळ्यात सोपं, बिजागरीच्या मागची खिट्टी दाबली की दार हातात येतं. सिलिकॉन सुरीने कापलं, वर्कटॉप खालून स्क्रूने धरलेला असतो ते काढले आणि दोघांनी मिळून तो बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवला. आई खुर्चीवर बसून टॉर्च धरत होती.

आणि मग तो क्षण आला ज्यासाठी हा सगळा लेख लिहितेय. सिंकच्या डावीकडचं कपाट, ज्याच्यावर मी दोन रविवार घालवले, ते भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळलेलं होतं. मी बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू मध्यावर आणले आणि दार परत अडकवलं. अर्थातच वाकडं. मग भिंतीचा उजवा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. अर्धाच. कट्‌ असा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर दाराचा पुढे आलेला कोपरा हळूच मागे जाऊन बसला. बिजागरीला मी बोटही लावलं नव्हतं.

कारण ऐका. जुन्या घराची भिंत सरळ नसते. माझ्या भिंतीला मधोमध ९ मिलिमीटरची खोली आहे. कपाट आणि भिंत यांच्यात पोकळी असताना स्क्रू आवळत गेलं की भिंत पुढे येत नाही, कपाट मागे जातं. त्याचा एक कोपरा खेचला जातो, सगळा सांगाडा पिळवटतो आणि पुढे दार वाकडं दिसतं. त्यात भर म्हणजे मागचे पाय. या कपाटांना खाली फिरवून उंची बदलता येईल असे चार पाय असतात. पुढचे दोन हाताला येतात, मागच्या दोनांसाठी जमिनीवर पालथं पडावं लागतं. मी पुढचे नीट केले होते आणि मागच्यांना "नंतर बघू" म्हटलं होतं. ते जमिनीला टेकलेच नव्हते. माझं कपाट भिंतीला लोंबकळत, मागे रेलून उभं होतं. कललेला ओटा, पळणारं तेल, वाकडी दारं, सगळ्याचं मूळ एकच. त्या मुळाशी गेले असते तर दहा मिनिटांचं काम होतं: पोकळीत प्लास्टिकची पाचर सरकवायची, ती भरली की मगच स्क्रू आवळायचा.

दुसऱ्यांदा लावताना मी आधी जमिनीशी बोलले. तीन मीटरमध्ये जमीन १८ मिलिमीटर खाली जाते. अशा वेळी जिथे ती सर्वांत उंच आहे तिथून सुरुवात करायची, कारण पाय फिरवून कपाट उंच करता येतं, पण पाय सगळ्यात आखूड करून झाल्यावर आणखी खाली नेता येत नाही. पहिल्या वेळी मी सखल कोपऱ्यातून निघाले होते आणि शेवटच्या कपाटाचे पाय संपले होते, म्हणून पुढची कड जेमतेम जुळवली होती. इथली खालची कपाटं बहुधा ७२० मिलिमीटर उंच, त्याखाली पायांचे १५०. म्हणजे उंचवट्यापासून ८७० वर भिंतीभर एक आडवी रेघ मारायची आणि सगळ्यांनी त्या रेघेला यायचं. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना जी लेव्हल बघतात, आईने तीच सुचवली. बागेतल्या नळीचा तुकडा चालला नाही (पारदर्शक नव्हता!), पण कल्पना झकास होती.

लेव्हल आडवी लावायची, मागे-पुढे लावायची आणि दोन्ही कर्णांवरही लावायची. प्रत्येक सांगाड्याचे कर्णही मोजायचे. ६०० रुंद आणि ७२० उंच असेल तर कर्ण साधारण ९३७ यायला हवा, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखे यायला हवेत. माझ्या एका कपाटाचे आले ९३९ आणि ९३५. पाठीची पातळ फळी मी सांगाडा काटकोनात आहे की नाही हे न बघताच ठोकली होती, आणि ती फळीच त्याला वाकडं धरून बसली होती. खिळे काढले, लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर दाब दिला, मोजलं, परत ठोकले. पायथागोरस शाळेत पाठ केला होता, उपयोग चाळिशीत झाला :)

मग शेजारची दोन कपाटं पुढच्या कडेवर बोट फिरवून जुळवायची. डोळा फसतो, बोट फसत नाही. क्लॅम्पने दाबून धरायची आणि मगच एकमेकांना स्क्रूने जोडायची. पहिल्या वेळची जी भोकं चुकली होती त्यांत लाकडी खुंटी गोंदात बुडवून ठोकली, वाळल्यावर कापून सपाट केली आणि पुन्हा भोक पाडलं. भुशाच्या फळीत त्याच भोकात स्क्रू पुन्हापुन्हा फिरवला तर तो नुसता गरागरा फिरतो. आपल्याकडचे सुतार आगकाडी घालतात, तेच तत्त्व.

आता त्या पुस्तिकेबद्दल. एकही शब्द नसलेली, हसऱ्या गोल माणसाची चित्रं असलेली पुस्तिका. त्यातली जमीन म्हणजे एक सरळ रेघ. भिंत म्हणजे दुसरी सरळ रेघ. दोन्हींमध्ये सुंदर काटकोन. हे घर कुठे मिळतं हो? माझ्या पुस्तिकेत सांगाडा कसा जोडायचा याला पानंच्या पानं होती, बिजागरीच्या तीन स्क्रूंना मोठे बाण काढून एक अख्खं पान होतं, आणि भिंतीमागे पाचर घालायची याचं चित्र होतं नखाएवढं, एका कोपऱ्यात. जिथे चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथे सगळ्यात कमी शाई. असं का, याचा माझा अंदाज सांगते: बिजागरी ते विकतात, भिंत ते विकत नाहीत. आणि मग बिचारा ग्राहक त्याला दाखवलेले तीन स्क्रूच फिरवत बसतो.

बिजागरीचे स्क्रू कधीच फिरवू नयेत असं मी म्हणत नाही. मीही फिरवले. पण सगळ्यात शेवटी. आधी सगळ्या बिजागऱ्या मध्यावर आणून दार नुसतं लटकवून बघायचं. मिलिमीटरभर चुकत असेल तर खुशाल फिरवा. तीन-चार मिलिमीटर चुकत असेल, किंवा फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर पेचकस खाली ठेवा आणि आधी कपाटामागे बघा.

मित्राचं म्हणणं असं, की प्रत्येकाला दोनदा लावायला वेळ नसतो. बरोबर आहे. मलाही नव्हता. पण दोन रविवार स्क्रू फिरवायला होते, आणि नंतर एक शनिवार सोडवायला, दोन आठवड्यांच्या संध्याकाळी परत लावायला, आणि तेवढे दिवस आईने बैठकीच्या खोलीत एका इलेक्ट्रिक शेगडीवर आमटी-भात केला. फुगलेल्या वर्कटॉपचा तुकडा कापून टाकावा लागला. हा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा?

आता ओटा सपाट आहे. तेल तव्याच्या मध्यावर राहतं. ड्रॉवर उघडला की उघडाच राहतो, आणि तो सॉफ्ट क्लोज नाही हे आता सगळ्यांना कळलंय. फक्त एक नवीनच भानगड झाली आहे. ओट्यावरची भिंतीतली कपाटंही मी लेव्हलमध्ये आणली, पण आमचं छत खिडकीच्या बाजूला खाली उतरतं. त्यामुळे शेवटच्या कपाटाच्या वरची फट एका टोकाला दोन बोटं आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम अर्धं बोट दिसते. छताच्या रेषेप्रमाणे पट्टी आखून, कापून ती फट झाकायची आहे. पट्टी आणून ठेवलीय, कापायची राहिलीय.

गेल्या दिवाळीत फराळाला मंडळी आली होती. चकली खाता खाता एक काका मान वाकडी करून वर बघत राहिले आणि म्हणाले, "हे शेवटचं कपाट जरा कललंय का गं? काळजी करू नकोस, बिजागरीला..."

नवऱ्याने घाईघाईने त्यांना चहा विचारला.